आई म्हणते गंगावन, सासूबाई म्हणतात चौरी

पत्र:

"अक्का, मी येळ्ळूरची, वय २६. बेळगावला टिळकवाडीत एका ऑफिसात काम करते, रोज गाडीवरून जाऊन-येऊन असते. माघात माझं लग्न आहे. मुलगा गोकाकचा, घर कन्नड. साखरपुड्यात माझी वेणी कमरेपर्यंत होती. ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला आणि दसऱ्यानंतर केस असे गळायला लागले की न्हाणीची जाळी रोज तुंबते. आता वेणी करंगळीएवढी राहिली आहे. सासूबाईंनी हौसेनं सांगितलंय की अक्षतांना मोग्गिन जडे म्हणजे कळ्यांची वेणी घालायची, त्यांच्याकडे सगळ्या सुनांनी घातली आहे. मला रात्री झोप येत नाही. पार्लरवाली म्हणते, नॅनो रिंगचे परमनंट केस लावून घे, ३८ हजार होतील, चार महिने बघायला नको. पुण्याची मामेबहीण म्हणते टेप लाव. ऑनलाइन २,४०० रुपयांत क्लिपचे केस दिसतात, हॅलो म्हणून आणखी एक प्रकार दिसतो. आई म्हणते, खुळ्यागत पैसे घालवू नको, गंगावन घाल. सासूबाई फोनवर 'चौरी आणा' म्हणाल्या, ते काय हे विचारायचं धाडस झालं नाही. यातलं काय घेऊ? आणि केस गेलेत हे तिकडे सांगू, की लग्न होईपर्यंत झाकून नेऊ?"

उत्तर:

बाळ,

चौरी म्हणजे गंगावनच, आपल्या वेणीत गुंफायचे जादा केस. आई आणि सासूबाई दोघी एकाच वस्तूबद्दल बोलतायत, एक मराठीतून, एक कन्नडमधून. आणि माझंही मत त्या दोघींच्याच बाजूला पडतंय. लग्नात जडेखाली गंगावन घाल. रिसेप्शनला केस मोकळे सोडायची हौस असेल तर क्लिपचे दोन-तीन पट्टे लाव. दोन्ही त्याच रात्री काढून ठेव. रिंग, टेप, केराटिन बाँड, शिवलेले केस, यातलं काहीही या वर्षी डोक्याला लावून घेऊ नकोस.

शहापुरात मी चोवीस वर्षं पार्लर चालवलं. 'कुठले केस चांगले?' असं विचारत येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी खुर्चीत बसवून तिचेच केस चाचपून बघायची. विकतचे केस शेवटी आपल्याच केसांना धरून लोंबणार, तेव्हा धरणाऱ्यात किती दम आहे ते पहिलं बघावं लागतं. कानाची पाळी ओघळलेली असेल तर आपण जड झुमका घालतो का? तसंच हे.

तुझ्या डोक्यात काय चाललंय ते सांगते, म्हणजे झोपही लागेल. माणसाच्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. एकेक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग वाढ थांबवून दोन-तीन महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. म्हणून धडधाकट बाईचेही दिवसाला ५० ते १०० केस जातात, ते जायचेच. पण मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन असा धक्का शरीराला बसला की वाढीला लागलेले पुष्कळ केस एकदम वाढ सोडतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच सुटतात. ऑगस्टमधला ताप आणि दसऱ्यानंतरची गळती, तुझा हिशेब बरोबर जुळतो. असली गळती बहुतेक वेळा तीन ते सहा महिन्यांत ओसरते. केस जातो, मूळ जागेवर असतं. नवा केस तिथूनच येतो, महिन्याला एक-सव्वा सेंटिमीटर. म्हणजे माघात तुझ्या भांगाशी आणि कपाळाशी दोन-तीन सेंटिमीटरचे आखूड केस उभे दिसतील. ते दिसले की रडू नकोस, तेच तुझे परत आलेले केस.

आता या अशा डोक्याला रिंग लावायच्या म्हणजे काय करायचं, ते बघ. तुझ्या केसांची बारीक बट घेतात, तिच्यात मोहरीएवढी धातूची कडी ओवतात, विकतच्या केसाचं टोक त्याच कडीत घालतात आणि बारीक पकडीनं कडी दाबून बसवतात. डोकंभर अशा शंभर-दीडशे कड्या, कधी त्याहूनही जास्त. प्रत्येक कडीचं वजन त्या बटेतल्या मोजक्या केसांवर. त्यातले काही आज सुटायच्या बेतात आहेत. ते सुटले की सगळा भार उरलेल्यांवर येतो, आणि ओढ लागून जे जायचे नव्हते तेही जातात. शिवाय सुटलेला केस खाली पडतच नाही, कडीतच अडकून राहतो. तीन महिन्यांनी कड्या काढल्या की तो सगळा साठलेला पुंजका हातात येतो. त्यातला बराचसा रोजच गळणारा असतो, पण तो बघून खुर्चीतच रडणाऱ्या मुली मी पाहिल्यात. तू आधीच न्हाणीच्या जाळीकडे बघून घाबरलीयस.

'परमनंट' हा शब्द तर डोक्यातून काढूनच टाक. टेप सहा ते आठ आठवडे टिकते. रिंग दोन-तीन महिन्यांत वर सरकवून परत बसवावी लागते, कारण तुझा केस वाढतो तशी ती खाली उतरते, फिरते आणि आजूबाजूचे केस गुंडाळते. केराटिनचा बाँड गरम यंत्रानं वितळवून चिकटवतात, तो तीन-चार महिने. 'चार महिने बघायला नको' असं कुणी म्हणालं तर परत बसवायचे किती आणि काढायचे किती घेणार, हे दोन आकडे आधी विचारायचे. बहुतेक ठिकाणी ते पहिल्या किमतीत नसतात. काढायचे पैसे वाचवायला घरी कात्रीनं आणि तेलानं उपद्व्याप करून आलेल्या बायकांचे केस मला शेवटी कापावे लागलेत.

टेपबद्दल मी माझ्याच हातून झालेली चूक सांगते. टेप म्हणजे दुहेरी चिकटपट्टीसारखी पट्टी, तुझ्या केसांचा पातळ थर वरून-खालून दोन पट्ट्यांमध्ये धरतात. सपाट बसते, पातळ केसांत लपते, म्हणून पातळ पण निरोगी केसांना ती खरोखर चांगली. मामेबहीण चुकीचं सांगत नाहीये, तिचे केस गळत नसतील. मी ते काम नवीन शिकून आले होते, हातात हौस होती. बाळंतपणाला चार महिने झालेली एक बाई भावाच्या लग्नासाठी आली, मी काही न विचारता लावून दिले. लग्नात तिचे फोटो फार सुंदर आले. सात आठवड्यांनी काढायला बसले तर दोन्ही कानांमागे रुपयाएवढी कातडी दिसायला लागली. तिनं मला एक शब्द बोलला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. सहा-सात महिन्यांत तिचे केस भरून आले, पण त्या दिवसापासून माझा पहिला प्रश्न ठरला: गेल्या सहा महिन्यांत मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन झालंय का? 'हो' म्हणाली की चिकटवायचं काम बंद, कितीही पैसे देत असली तरी. तुझ्या पार्लरवालीनं हा प्रश्न विचारला होता का? तुझ्या पत्रात तरी तो दिसत नाही.

ओढीनं केस जातात याला डॉक्टर ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. लवकर ओढ काढली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं ओढ राहिली तर मूळच बुजतं आणि जागा कायमची रिकामी होते. जन्मभर घट्ट अंबाडा घालणाऱ्या बायकांची कपाळाची रेषा मागे गेलेली तूही पाहिली असशील.

टेपच्या विरुद्ध तुझ्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या कुठल्याही जाहिरातीत नसतात. एक, तेल. टेपचा गोंद तेलानं सुटतो, केराटिनचा बाँडही तेलानं मऊ पडतो. तुझं लग्न दोन घरांचं. इकडे हळदीला तेल लागणार, तिकडे अरिशिण-एण्णे म्हणजे हळद आणि तेलच. पाच सुवासिनी डोक्याला तेल लावणार, त्यात एखादी मावशी टाळूवर थापटून जिरवणार, तेव्हा तू 'केसांना नको' म्हणून डोकं मागे घेणार का? हजारो रुपयांचे केस हळदीच्या दिवशीच सुटायला लागतील. दुसरी गोष्ट, हेल्मेट. रोज येळ्ळूरहून टिळकवाडीला येताना ते घातलंच पाहिजे, आणि ते दाबतं नेमकं टेप असते तिथेच. घाम, दाब, आणि काढताना ओढ. पाऊस असता तर ओलही.

शिवून लावायच्या केसांची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तुझ्यापुढे ती आलेली नाही पण कुणीतरी सुचवेल. डोक्याला चिकटून बारीक वेण्या घालतात आणि त्यांच्यावर केसांची पट्टी सुईदोऱ्यानं शिवतात. दाट, राठ केसांना ते पेलतं. आपल्या हवेत, विशेषतः खानापूरकडच्या पावसात, खालच्या वेण्या वाळत नाहीत, कोंडा आणि बुरशी धरते. वेळेवर उसवलं नाही तर खाली जट होते. एकीची अशी जट झालेली मी पाहिली. घरात लगेच यल्लम्माचं नाव निघालं, सौंदत्तीला जायच्या गोष्टी सुरू झाल्या. तेल, मळ आणि न विंचरलेले केस यांचा तो गुंता होता, देवीचा त्यात काही संबंध नाही. आम्ही बसून तासाभरात कापून मोकळा केला आणि ती मुलगी त्या रात्री पहिल्यांदा कुशीवर झोपली.

आता जे घ्यायचं त्याच्याकडे येऊ.

गंगावन खरेदी करताना दुकानदार 'रेमी' म्हणतो, ते काय हे समजून घे. केसावर बारीक खवले असतात, मुळाकडून टोकाकडे उतरणारे, खानापूरच्या कौलांच्या छपरासारखे. सगळी कौलं एकाच दिशेला असली तर पाणी सरळ ओघळतं. रेमी म्हणजे ज्यात सगळ्या केसांचे खवले एकाच दिशेला आहेत असे केस, एका डोक्यावरून एकत्र कापून बांधलेले. तिरुमलाला भाविक केस देतात त्यातले लांब केस असे असतात, देवस्थान ते लिलावात विकतं. दुसरे केस गुंतवळाचे. गल्लीत 'केसावर भांडी' म्हणत फिरणाऱ्या बायकांना आपण कंगव्यातला गुंतवळ देतो ना, तोच. तो सोडवून, विंचरून, लांबीप्रमाणे लावायचे मोठे धंदे आहेत, आपल्याच कर्नाटकात कोप्पळजवळचं भाग्यनगर त्यासाठी प्रसिद्ध आहे. अतिशय चिकाटीचं काम आहे ते, बहुतेक बायकाच करतात. पण गुंतवळात काही केस उलटे, काही सुलटे. एकाची कौलं दुसऱ्यात अडकतात आणि केस गुंततात. म्हणून असे केस तेजाबासारख्या द्रवात बुडवून खवले काढतात आणि वरून सिलिकॉनचा थर देतात. दुकानात रेशमासारखे लागतात. चार-पाच धुण्यांत थर गेला की सुंभ.

मग तुला रेमीच हवेत का? वेणीसाठी नको. वेणीत केस गुंफलेलेच असतात, वर जडे येणार, गुंतायला वावच नाही. तिथे गुंतवळाचं साधं गंगावन पुरतं आणि ते काही शे रुपयांत मिळतं. पैसे घालायचे ते मोकळ्या सोडायच्या क्लिपच्या पट्ट्यांवर, तिथे मात्र रेमीच घे. ऑनलाइनचे २,४०० रुपयांचे 'शंभर टक्के खरे, २४ इंची' केस मला पटत नाहीत. तेवढ्यात बहुधा सिंथेटिक किंवा भेसळच येते.

भेसळ ओळखायला दुकानातच एक-दोन केस मागून घे आणि बाहेर येऊन काडी लाव. खरा केस भुरकन जळतो, पीस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. सिंथेटिक वितळतं, प्लॅस्टिकचा वास येतो आणि टोकाला टणक मणी होतो. केस वाया जातात असं वाटलं तरी हे कर, कारण लग्नात होम आहे, आरत्या आहेत, समया आहेत. सिंथेटिक केस आगीजवळ अजिबात नकोत, वितळून कातडीला चिकटतात. साधं सिंथेटिक इस्त्रीच्या यंत्रालाही चालत नाही. रेमी ओळखायला केसाची बट दोन बोटांत धरून मुळाकडून टोकाकडे फिरव, मग उलट. एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट बाजूनं किंचित खरखरीत लागलं पाहिजे. दोन्हीकडून काचेसारखं गुळगुळीत लागलं तर खवले काढलेले.

रंगाचं बघ. आपल्याला वाटतं आपले केस काळेभोर आहेत, पण उन्हात बघितलं तर बहुतेकींचे तपकिरीकडे झुकतात. पाकिटावर १ नंबर म्हणजे डांबरासारखा काळा, १बी म्हणजे आपला नैसर्गिक काळा. १ नंबर लावला की फोटोत वेणी कुठून सुरू झाली ते लांबून कळतं. जुळवायचं ते केसांच्या टोकांशी, मुळांशी नाही, आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली तर मुळीच नाही.

लांबीचा मोह आवर. लांबी म्हणजे वजन. क्लिपचे १६ इंच, साठ-सत्तर ग्रॅम तुला पुरे. सगळा सेट दीडशे ग्रॅमचा असला तरी त्यातले दोन-तीनच पट्टे वापर. लावायच्या आधी कानाच्या वरच्या रेषेत, मागच्या बाजूला, स्वतःच्या केसांची एक बारीक आडवी वेणी घालून पिनेनं दाबून घे आणि क्लिपचे दात त्या वेणीत अडकव. मग ओढ एका बटेवर येत नाही, सगळ्या वेणीवर वाटली जाते, आणि गुळगुळीत केसांवरून क्लिप घसरतही नाही. कपाळाच्या रेषेपासून आणि कानापासून दोन बोटं आत राहा, तिथले केस सगळ्यात नाजूक. सहा-सात तासांच्या वर ठेवायचे नाहीत. झोपताना कधीच नाही.

हॅलो म्हणजे पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्यावर टांगलेला केसांचा पट्टा. दोरा टाळूवरून जातो, केसाला काहीच पकडत नाही. तुझ्यासारख्या डोक्याला सगळ्यात निरुपद्रवी प्रकार हाच. ऑफिसात किंवा केळवणाला जायला जरूर घे. फक्त लग्नात नको. वाकून नमस्कार करताना सरकतो, आणि मुंडावळ्यांची दोरी त्याच्याच जागेवर येते.

आता जडे. मोग्गिन जडे नुसती फुलांची वेणी नाही, कळ्या ओवून एका लांब पट्टीवर शिवलेल्या असतात आणि ती पट्टी वेणीवर वरपासून खालपर्यंत बांधतात. खाली कुच्चू म्हणजे आपले गोंडे. खऱ्या कळ्यांना पाणी मारलेलं असतं, त्यामुळे चांगली जड होते. तेव्हा क्रम असा ठेवायला सांग: आधी तुझ्या केसांचा मानेच्या जरा वर सैलसर पोनी, तिच्या बुडाला गंगावनाची दोरी दोनदा फिरवून गाठ, गाठीवर दोन आकडे एकमेकांना छेदून. मग गंगावनाचे तीन पेड तुझ्या केसांसकट गुंफायचे. जडेची पट्टी गंगावनाच्या वेणीला चार-पाच ठिकाणी दोऱ्यानं बांधायची. टाळूवरच्या बटांना पिना मारून ती टांगायची नाही. मेकअपवाल्या घाईत नेमकं तेच करतात. जडे करणाऱ्या बाईला आधीच सांग की कळ्या एकेरी रांगेत घ्या आणि लांबी कमरेच्या वर संपवा. ती नाही म्हणणार नाही, तिचंही काम वाचतं.

आणि लग्नाच्या दोन आठवडे आधी घरी एकदा गंगावन घालून, वर ओल्या रुमालाची घडी बांधून तासभर वावर. मुळं ठणकायला लागली तर वजन जास्त आहे, हलकं घ्यायचं. पहिला प्रयोग अक्षतांच्या दिवशी करू नकोस.

तुझ्या ३८ हजारांतले थोडे पैसे वेगळ्या कामाला घाल. हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, आणि थायरॉइड तपासून घे. डेंग्यूनंतर गळती होतेच, पण लोह कमी असेल तर ती रेंगाळते. बेळगावच्या सरकारी बिम्स इस्पितळातल्या त्वचारोग विभागात दाखवलंस तर खर्चही फार नाही. केसांच्या गोळ्या घेत असशील तर डॉक्टरांना तसं सांग, कारण त्यातल्या बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. मेडिकलमधून मिनोक्सिडिल आणून स्वतःहून सुरू करू नकोस. ते चालू केल्यावर सुरुवातीला गळती वाढू शकते आणि तुझ्या हातात तीनच महिने आहेत. डॉक्टरांनी दिलं तर गोष्ट वेगळी. गळती सहा महिन्यांनीही थांबली नाही, किंवा नाण्यासारखा गोल चट्टा पडला, तर थांबायचं नाही, लगेच जायचं. बाकी खाण्यात हुलगे, नाचणी, शेंगदाणे, अंडी चालत असतील तर अंडी. ते घरात आहेच, फक्त लग्नासाठी बारीक व्हायचं म्हणून जेवण तोडू नकोस. त्यानंही केस जातात.

राहिलं सांगायचं की झाकायचं.

बाळ, सासूबाईंनी तुला 'चौरी आणा' म्हणून सांगितलंय. तुझी वेणी बघून नाही, जडे कुणाच्याच नुसत्या केसांवर बसत नाही म्हणून. त्यांनी त्यांच्या लग्नात घातली, त्यांच्या इतर सुनांनी घातली. ज्या गोष्टीची तुला रात्रभर भीती वाटते ती त्यांनी आधीच गृहीत धरलीय आणि त्यात त्यांना काही कमी वाटत नाही. 'चौरी' हा एक शब्द कळला नाही म्हणून तू महिनाभर हे ओझं वाहिलंस. कन्नड घरात जातीयस, न कळलेला शब्द विचारायची सवय आत्तापासून लाव, त्यांनाही बरं वाटेल.

पण तेवढ्यावर थांबू नकोस. मुलाला सांग, आणि लग्नाआधी सांग. डेंग्यू झाला होता हे त्याला माहीत असेलच. 'त्यानं माझे केस गेलेत, डॉक्टर म्हणतात येतील, लग्नात चौरी घालणार आहे,' एवढंच. ज्याच्याबरोबर एका खोलीत राहायचं त्याच्यापासून उशीवरचे केस लपवता येत नाहीत, आणि रिंग लावलेल्या बायका नवऱ्याचा हात डोक्यावर आला की दचकतात, हे त्यांनीच मला सांगितलंय. नव्या संसाराची सुरुवात तशी नको. त्यानंतर सासूबाईंना फोन कर. तिकडे सासूला अत्ती म्हणतात, आपल्याकडच्या जुन्या बायकाही आत्तीच म्हणत. अत्ती म्हणून हाक मार आणि चौरी कुठली घेऊ ते त्यांनाच विचार. गोकाकला चांगली मिळते का, लांबी किती घालतात, कुच्चू कुठल्या रंगाचे. बहुतेक त्याच घेऊन ठेवतील.

त्याआधी आईला विचार, तिच्या लग्नातलं गंगावन पेटीत आहे का. त्या काळी पुष्कळ घरांत मुलीचाच गुंतवळ साठवून गंगावन करून घेत. तसं असेल तर त्याचा रंग तुझ्या केसांशी जितका जुळेल तितका दुकानातला कुठलाच जुळायचा नाही. कसर लागलीय का ते झटकून बघ, कोमट पाण्यात शांपू घालून धू, पिळू नकोस, सावलीत टांगून वाळव. नसेल तर कंगव्यात आलेला तुझाच गुंतवळ कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेव आणि आईला घेऊन खडेबाजारात दुपारच्या आत जा. दुकानदाराला गंगावन घेऊन बाहेर उन्हात यायला सांग, आणि तिथे तुझ्या केसांवर ठेवून बघ.

तुझी,
अक्का